लवकर आणि पुष्कळ

मांडव्याच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहताना माणसाला जे कळते ते ग्रंथांत सापडत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रांशी माझा संबंध पंख्याच्या बटणापुरता. पण गेली बारा वर्षे खारेपाटातले शब्द गोळा करतो आहे आणि ती सारी पुंजी घरच्या संगणकात आहे. अलीकडे तो एकेका शब्दाला जांभया देऊ लागला. दिवाळीच्या तोंडावर थोडे पैसे हाती आले, तेव्हा नवा संगणकच घ्यावा असे ठरवले. जुन्याच्या रॅमवर ३२०० हा आकडा, नव्याच्या जाहिरातीत ६०००. जवळजवळ दुप्पट! त्याच पैशांवर घरात एका कपाटाचेही स्वप्न पाहिले जात होते, ही गोष्ट अलाहिदा.

मुंबईहून भाचा रो-रो बोटीने आला. त्याला बेत सांगितला, तर तो हसला.

"मामा, ही बोट २०२० साली सुरू झाली. लाँचपेक्षा कितीतरी माणसे आणता येतात, वर मोटारीही. पण मला यायला तासभर लागलाच ना? तो ६००० आकडा बोटीच्या पोटाचा आहे."

मग चहाच्या टपरीवर तिकिटाच्या पाठीमागे त्याने हिशेब मांडला. मागितलेली गोष्ट हाती यायला जुनी रॅम १६ ठोके घेते, नवी ३०. नवीचे ठोके जलद, पण संख्या जास्त. दोन्हींचा उशीर १० नॅनोसेकंदच! चित्रपट किंवा छायाचित्रे हलवायची तर मोठे पोट उपयोगी. पण कोशात 'अमुक पाहा' असते तसे काम असले, म्हणजे पहिला शब्द आल्याशिवाय दुसरा कुठे आहे ते कळत नाही, तर उशीरच भोवतो. म्हणून तर प्रोसेसर नेहमीच्या वस्तू जवळच्या फडताळात ठेवतो. माळ्यावर चढायची वेळ शक्यतो येऊ देत नाही. या फडताळाला कॅश म्हणतात. (आमच्या घरी कॅश फडताळातही नसते.)

१९६० साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 'टिफ्रॅक' उभारला. त्याची स्मृती फेराइटच्या इवल्या कड्यांची. तिचा हिशेब मायक्रोसेकंदांत चाले. त्या मानाने आज आपण फार पुढे आलो. परंतु हल्लीच्या वर्षांत बोटींची पोटे वाढली तितका प्रवासाचा तास काही आटला नाही.

माझे दुखणे मात्र तिसरेच निघाले. रॅम अपुरी पडे आणि उरलेले काम फिरत्या तबकडीवर जाई. तिथला उशीर मिलिसेकंदांचा, म्हणजे रॅमच्या निदान हजारो पट. जुन्याच जातीची आणखी एक पट्टी बसवली नि काम भागले. कपाटही आले.

त्याच दिवशी सकाळी मी आईला विचारले होते, खाडीच्या बांधातून पाणी सोडायच्या दाराला तुम्ही काय म्हणत होता? आई ब्याऐंशी वर्षांची. ती आठवू लागली. मला कुठला धीर! मी आणखी चार शब्द विचारले. ती गोंधळली, गप्पच बसली. मी वही मिटून धक्क्यावर निघून गेलो.

रात्री करंज्यांना मुरड घालता घालता ती एकदम म्हणाली, "उघाडी."

"काय गं?"

मी काय विचारले होते ते मीच विसरलो होतो.