बोर्ड उडालाय

"बोर्ड उडालाय. पार्ट येत नाहीत. शोकेसमध्ये ठेवा, छान दिसेल." बोरा बझारातल्या त्या कारागिराने हे इतक्या ठामपणे सांगितलं की मी मुकाट्याने तपासणीचे पैसे देऊन बाहेर पडले. जाता जाता तो म्हणाला, "नको असेल तर पाचशे देतो, ताई." मेलेल्या कॅमेऱ्याला पाचशे कशाला, हे मला सुचलं लोकल सुटल्यावर.

कॅमेरा याशिका इलेक्ट्रो 35, जीएसएन मॉडेल, 1973 पासूनचं. बाबांच्या मामांनी मस्कतहून आणलेला आणि मग कपाटात पडलेला. घरोघरी हीच कथा. यात अ‍ॅपर्चर आपण लावायचं आणि शटरचा वेग कॅमेऱ्याने ठरवायचा, म्हणजे सगळा कारभार विजेवर. मूळची 5.6 व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. घड्याळवाल्याकडून चार एलआर44 सेल आणून कागदाच्या नळीत एकावर एक रचले, उरलेल्या जागेत स्प्रिंग कोंबली. सहा व्होल्ट होतात, कॅमेऱ्याला चालतात. मागच्या झाकणाच्या खाचेतल्या फोमचं डांबर झालं होतं, ते खरवडून काळी लोकर चिकटवली. तरी बॅटरी तपासायचं बटण दाबलं की हिरवा दिवा लागेना, आणि ऊन असो की संध्याकाळ, शटर त्याच घाईने खट्ट करून मिटायचं.

वीज मिळाली नाही तर हा कॅमेरा प्रत्येक फोटो 1/500 सेकंदावर काढतो. तेव्हा पहिला प्रश्न एवढाच, की सेलमधली वीज आत पोचते का. यासाठी तळाचा पत्रा काढावा लागतो. तेवढंच.

बोरा बझारातून परत आणलेला कॅमेरा घरी भिंगाखाली पाहिला, तर तळाच्या स्क्रूंच्या खाचांमध्ये जुना मळ जसाच्या तसा. काळा, घट्ट बसलेला. स्क्रूड्रायव्हर एकदा जरी टेकला असता तरी तो निघाला असता. वरच्या पत्र्याचे स्क्रूही तसेच. म्हणजे आठवडेच्या आठवडे कॅमेरा त्या कारागिराच्या ड्रॉवरमध्ये पडून होता, मी फोन केला की "काम चालू आहे" आणि शेवटी बोर्ड उडाल्याचं निदान. न उघडता! परत आणलेल्या वस्तूचे स्क्रू बघायची सवय तेव्हापासून लागली, मिक्सरचेही बघते. तुम्हीही बघा.

डोंबिवलीत आमच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी असा कॅमेरा कधी हातात धरला नव्हता. मल्टिमीटर लावला, तळ उघडला, बॅटरीच्या कप्प्याला जोडलेली वायर चिमट्याने हलवली, तर ती हातातच आली. डाख हिरवा होऊन भुगा झालेला. "वायर मेली आहे, बाकी सगळं ठणठणीत," म्हणाले आणि नवी वायर डाखून दिली. हिरवा दिवा लागला. पैसे घेताना त्यांनाच संकोच.

राग अजून आहे. पण खरं सांगायचं तर त्या कारागिराचं गणितही कळतं. फोर्टातलं भाडं, आणि आमच्यासारखी हौशी गिऱ्हाइकं, जी शंभर प्रश्न विचारून दोनशे रुपयांत काम मागतात. उघडल्यावर दुसरं काही तुटलं तर भांडण त्याच्याच माथी. मी त्याच्या जागी असते तर... नाही, न उघडता "उडालाय" नसतं म्हटलं.

आता दुसरंच दुखणं आहे. फिल्म पुढे सरकवायचा लीव्हर ओढल्यावर शेवटी जो ‘ठक्’ आवाज यायला हवा तो येत नाही. आतल्या दांडीवरचं इवलंसं रबरी पॅड झिजून गेलं की असं होतं. या मॉडेलचा हा ठरलेला आजार. फोटो जास्त प्रकाश खातात. तूर्त 200 च्या फिल्मला एएसए 400 लावून भागवते. पॅड बदलायचं तर लेन्सकडून आत शिरावं लागतं, ते रेडिओवाल्या काकांचं काम नाही. त्यासाठी बोरा बझारच गाठावा लागणार, कदाचित त्याच काउंटरवर. मात्र देण्याआधी प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावणार आहे.