तांबडं ऑईल

ड्रेन प्लगचे शेवटचे दोन आटे मी हातानेच सोडवतो. पाना बाजूला ठेवायचा, प्लग बोटांनी वर दाबून धरायचा आणि फिरवत राहायचं. आटे संपले की बोटांना कळतं. मग झटक्यात हात काढून घ्यायचा. तरी मनगटावर थोडं येतंच. कोमट, पातळ, आणि दिवस चांगला असेल तर तांबडं.

गाडी म्हणजे २००६ सालची शेव्हरले सिल्व्हराडो पिकअप. पुढे ड्युरामॅक्स डिझेल इंजिन आणि त्याच्या मागे ॲलिसन १०००, सहा गिअरची ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आम्ही इंडियानापोलिसच्या बाहेर, मक्याच्या शेतांना लागून राहतो. सरपण, खडी, शेजाऱ्यांचे सोफे आणि भाद्रपदात मराठी मंडळाचं मखर, सतरंज्या, स्पीकर, प्रसादाची पातेली, सगळं याच गाडीतून आणि तिच्या मागच्या ट्रेलरमधून जातं. ॲलिसन हे नाव या शहराचंच. ज्या चौघांनी १९०९ मध्ये इथला रेसिंगचा ट्रॅक उभा केला त्यांतला एक जेम्स ॲलिसन. त्याने १९१५ मध्ये शर्यतीच्या गाड्यांसाठी वर्कशॉप काढलं आणि त्यातून पुढे ही गिअरबॉक्सवाली कंपनी झाली. एका गॅरेजातून हे सगळं निघालं, हे मला फार आवडतं. मीही गॅरेजातलाच.

माझ्या आबांचं कराडला हायवेच्या कडेला ट्रकचं गॅरेज होतं. तिथे गिअरबॉक्स म्हटलं की नव्वद नंबरचं ऑईल. काकवीसारखं घट्ट, उग्र वासाचं, कितीही पुसलं तरी आंघोळीपर्यंत अंगावर राहणारं. तांबडं पातळ ऑईल आम्हाला माहीत होतं ते पॉवर स्टिअरिंगपुरतं. ऑईल कसं बदलायचं हे आबांनी कधी शिकवलं नाही, ते बघून बघून कुठल्याही पोराला येतं. काम झालं की ते एवढंच विचारायचे, "काय निघालं रं त्यातनं?" आणि "काही नाही" हे उत्तर चालत नसे. निघालेल्या ऑईलमध्ये बोटं बुडवून, चोळून, उन्हात धरून, वास घेऊन सांगावं लागे. नवीन ऑईलचा डबा त्याशिवाय फोडायचा नाही.

या गाडीखाली आडवा होतो तेव्हा मी त्याच प्रश्नाचं उत्तर शोधत असतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑईल म्हणजे नुसतं वंगण नव्हे. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा, एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. वाऱ्याच्या जागी ऑईल भरा, दोन्ही पंखे एका बंद डब्यात घाला, ऑईल योग्य कोनातून परत फिरवणारं तिसरं चाक मध्ये बसवा, की झाला टॉर्क कन्व्हर्टर. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. माझ्या गाडीत हायवेला लागल्यावर आतला क्लच दोन्ही पंखे एकमेकांना बांधून टाकतो, पण जागेवरून निघताना इंजिनची ताकद ऑईलमधूनच पुढे जाते. मग त्याच ऑईलच्या दाबाने क्लचप्लेटांच्या जुड्या आवळल्या जातात आणि गिअर पडतो. तेच ऑईल दातेरी चाकांना वंगण देतं आणि तेच उष्णता घेऊन कूलरपर्यंत जातं.

क्लचप्लेटांपाशी मोठी कसरत आहे. प्लेटा एकमेकींना धरत असताना ऑईलने त्यांना क्षणभर हळुवार घसरू द्यायचं आणि मग घट्ट धरू द्यायचं. फार घसरलं तर प्लेटा जळतात, लगेच धरलं तर गाडी धक्का देते. हा तोल साधण्यासाठी अमेरिकेत वर्षानुवर्षं गिअरबॉक्सच्या ऑईलमध्ये स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत. उष्णतेला ते टिकायचं आणि प्लेटांना नेमकं मानवायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देवमाशाच्या तेलावर बंदी आली तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधताना घाम फुटला. आज शाम्पूच्या बाटलीवर दिसतो त्या जोजोबाच्या तेलाचाही त्यात विचार झाला. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ गॅरेजच्या पायरीवर बसून होतो. दुकानात फळीवर उभी असलेली ती प्लॅस्टिकची बाटली मला तोवर नुसती तांबड्या रंगाची वाटत होती. रंगाला तसा अर्थ नाही, तो फक्त ओळखण्यासाठी. गाडीखाली थेंब पडला तर तो इंजिनचा की गिअरबॉक्सचा, हे कळावं म्हणून.

या ऑईलचा खरा वैरी उष्णता. मेकॅनिकांचा ठोकताळा असा की नेहमीच्या तापमानापेक्षा दर दहा अंश सेल्सिअसला ऑईलचं आयुष्य निम्मं होतं. जुलैत चढावर ट्रेलर ओढताना काटा वर सरकतो तेव्हा माझं लक्ष रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त असतं.

ॲलिसन १००० ला दोन फिल्टर असतात. एक आत, चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑईल पॅनमध्ये. दुसरा बाहेरून, इंजिनच्या ऑईल फिल्टरसारखा, आट्यांवर फिरवून बसवायचा. या बाहेरच्या फिल्टरच्या तोंडाशी एक लोहचुंबक असतं, मेदूवड्यासारखं, मध्ये भोक असलेलं. नवीन फिल्टरबरोबर ते बहुतेक वेळा येत नाही. जुन्यावरचं काढायचं, पुसायचं आणि नव्यावर बसवायचं.

पहिल्या खेपेला मी ते विसरलो. जुना फिल्टर उलटा करून डब्यात निथळत ठेवला आणि नवा फिरवून बसवला. आबा करायचे तसंच केलं: पॅकिंगला ऑईलचं बोट, पॅकिंग टेकलं की हाताने एक पूर्ण फेरा, पाना लावायचा नाही. ऑईल भरलं, गाडी चालू केली, हात धुतले. रात्री जेवताना आठवलं. टॉर्च घेऊन गेलो तर चुंबक जुन्या फिल्टरच्या तोंडाशी तसंच चिकटलेलं. दुसऱ्या दिवशी फिल्टर पुन्हा काढला, जवळजवळ लिटरभर ऑईल सांडलं, चुंबक बसवलं, पुन्हा लेव्हल केली. आता जुना फिल्टर हातात आला की पहिल्यांदा चुंबक काढून शर्टाच्या खिशात टाकतो. आणि जुन्या फिल्टरचं पॅकिंग वर गिअरबॉक्सलाच चिकटून राहिलेलं नाही ना, हे बोट फिरवून बघतो. ते राहिलं आणि त्यावर नवं पॅकिंग बसलं तर भर रस्त्यात सगळं ऑईल बाहेर येतं.

चुंबक पुसण्याआधी बघायचं. त्यावर करड्या रंगाचं दाट किटण असतं, शेवाळासारखं मऊ, चुंबकाच्या कडांवर केसाळ उभं राहिलेलं. अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळलं की काजळासारखं पसरतं, बोटांच्या रेषांमध्ये बसतं आणि काहीच टोचत नाही. हे साहजिक आहे. पोलादावर पोलाद फिरतं तेव्हा एवढं झिजणारच. टोचलं तर थांबायचं. खपल्या, तुकडे, दाताचा कोपरा असं काही दिसलं तर ऑईल बदलून उपयोग नाही, आत काहीतरी मोडतंय. नव्या गिअरबॉक्समध्ये हे किटण सुरुवातीला जास्त निघतं, म्हणून या गिअरबॉक्सचा पहिला बाहेरचा फिल्टर पाच हजार मैलांतच बदलायला सांगत.

आतला फिल्टर एरवी बदलायचा नसतो, गिअरबॉक्स पूर्ण उघडेल तेव्हाच. पण मी ही गाडी जुनी घेतली होती आणि आधीच्या मालकाने काय केलं याची एक ओळही नव्हती. चेंबरचा तळ बघितल्याशिवाय मला झोप लागली नसती. एका शनिवारी चेंबर उतरवलं. बोल्ट एकदम सगळे काढायचे नाहीत. एका कोपऱ्याचे शेवटी ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूने चेंबर हळूच कलतं करायचं, म्हणजे उरलेलं ऑईल भांड्यात जातं, नाहीतर सगळं छातीवर. फिल्टरच्या नळीवरचं रबरी सील वर अडकून राहतं. ते लाकडी काडीने काढलं, स्क्रूड्रायव्हरने बसण्याच्या जागेवर ओरखडा पडतो. तळाशी करडा थर होता, वाळलेल्या मुलतानी मातीसारखा. आणि त्यात एक चकाकणारा कण. ज्वारीच्या दाण्याच्या पावपट.

त्याला चुंबक लावलं. चिकटला नाही. म्हणजे पोलाद नव्हे.

आबांना व्हिडिओ कॉल लावला. कराडला रात्रीचे साडेनऊ. ते चष्मा कपाळावरून खाली ओढत म्हणाले, "जवळ धर. पांढरा हाय का पिवळा?"

"पांढरा."

"मग ॲल्युमिनियम. पिवळा असता तर बुशची चिंता होती. एकच हाय ना?"

"सगळं गाळून बघितलं, एकच."

"राहू दे मग. डबीत घालून ठेव आणि पुढच्या खेपेला बघ आणखी निघतंय का."

ती डबी अजून माझ्या हत्यारांच्या कपाटात आहे. पुढच्या दोन्ही खेपांना निघालं नाही.

रंगाबद्दल एक सांगायला हवं, कारण लोक रंगावर फार जातात. आजकालचं ऑईल, उदाहरणार्थ डेक्स्रॉन-सहा, काही हजार मैलांत तांबडं राहत नाही, तपकिरी होतं, आणि तेवढ्यावरून ते वाया गेलं असं होत नाही. नाक जास्त खरं बोलतं. जळका वास आला की प्लेटा भाजल्या असं समजावं. फालुद्यासारखं गुलाबी आणि दुधट दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी कूलरमधून ऑईलमध्ये शिरलंय, गाडी जागची हलवू नये. लोक असंही सांगतात की फार जुन्या गिअरबॉक्सचं ऑईल बदलूच नये, बदललं की ती बसते. माझं मत असं की बसणारी ती आधीच बसत आलेली असते. काळ्या ऑईलमध्ये तरंगणारी प्लेटांची भुकटीच तिला कशीबशी धरून ठेवते, नवीन ऑईल फक्त ते उघडं करतं. म्हणून तर आधी निघालेलं बघायचं.

मग मोजायचं. माझ्या गाडीत एका खेपेला साधारण सात लिटर निघतं. गिअरबॉक्सच्या पोटात एकूण बारा. उरलेलं पाच कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत अडून राहतं, प्लग काढून ते येत नाही. म्हणजे एका खेपेला निम्म्याहून थोडं जास्तच नवं होतं. सात लिटर हे पुस्तकातलं झालं. मी निघालेलं ऑईल रात्रभर निवू देतो आणि खुणा केलेल्या जुन्या बाटल्यांत भरून मोजतो. गरम ऑईल फुगलेलं असतं, ते मोजलं तर नवीन जास्त जातं. काढण्याआधी डिपस्टिकवर लेव्हल बरोबर होती ना, हेही लिहून ठेवलेलं असतं. आधीच कमी असेल तर निघालं तेवढंच घालून कसं चालेल?

भरण्याचं काम आता माझी मुलगी करते. डिपस्टिकच्या नळीत लांब नळीचं नरसाळं लावून, एकेक क्वार्ट, म्हणजे लिटरहून किंचित कमी. ती प्रत्येक रिकामी बाटली बंपरवर ओळीने मांडते. "बाबा, सात झाल्या. आता अर्धीच." ऑईल पातळ असलं तरी घाई केली की नरसाळ्यातून परत वर येतं. तिला ते माझ्याआधी कळलं. ती बाटली तिरकी धरून धार बारीक ठेवते.

मग ब्रेक दाबून गाडी चालू, डी, आर, परत पार्क, म्हणजे नळ्यांतली हवा निघते. डिपस्टिकवर दोन पट्टे असतात, एक थंडचा, एक गरमचा. थंडच्या पट्ट्यात आली एवढ्यावर थांबणारे खूप आहेत आणि मला ते पटत नाही. वीसेक मैल चालवून आणायची, ऑईल सत्तर ते नव्वद अंश सेल्सिअसपर्यंत तापू द्यायचं, सपाट जागेवर इंजिन चालू ठेवून पार्कमध्ये बघायचं. कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि प्लेटांचा दाब ढिला पडतो. जास्त असेल तर फिरणारे भाग त्यात बुडून ऑईल घुसळतात, फेस होतो, आणि फेसात हवाच असते. दोन्हीकडून प्लेटाच जळतात. मी तीनदा पुसून तीनदा बघतो. तिन्ही वेळा एकच खूण आली तर ती खरी.

जुनं ऑईल बाटल्यांत भरून गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात नेऊन देतो, तिथे ते घेतात. रात्री गिअरबॉक्सखाली पुठ्ठा पसरतो.

गेल्या रविवारी सकाळी पुठ्ठ्यावर एक थेंब होता. तांबडा, ताजा, नव्या पैशाएवढा. फिल्टर काढताना क्रॉसमेंबरवर, म्हणजे गाडीखालच्या आडव्या पट्टीवर, सांडलेलं रात्री ओघळलं असेल, किंवा प्लगचं वॉशर नीट बसलं नसेल. गाडीखाली गेलो, प्लग कोरड्या फडक्याने पुसला, फिल्टरची कड पुसली, क्रॉसमेंबर पुसला, नवा पुठ्ठा टाकला. मुलीला मैत्रिणीकडे सोडायचं होतं, ते बायकोच्या गाडीने सोडून आलो. दुपारी परत खाली वाकलो. थेंब एकही नव्हता. तरी पुठ्ठा तसाच ठेवलाय, सोमवारी कामावरून आल्यावर एकदा बघायचंय.