एबीएसचा दिवा: रोजनिशीतील पाने

३ जुलै, चिपळूण

पावसाची झड. गुहागरकडच्या एक शिक्षिका गाडी घेऊन आल्या. मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा. सरळ रस्त्याला कधी विझतो, खड्डा आला की पुन्हा लागतो. आधीच्या गॅरेजने पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बदलला, पण थोड्याच दिवसांत दिवा परत हजर. आता त्यांना सांगितलंय की एबीएस चालवणारं मॉड्यूल गेलं, आणि त्याचा खर्च ऐकून त्या धास्तावल्यात. म्हणाल्या, "ब्रेक तर लागतोय. मग नुसता दिवा बंद करता येईल का?"

म्हटलं, "बाई, ब्रेक लागेल. पण कुंभार्ली घाटातल्या ओल्या वळणावर जोरात दाबलात आणि पुढची चाकं जाम झाली, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाईल. जाम होणारं चाक सोडवायचं काम एबीएसचं. ते आत्ता बंद आहे, एवढंच हा दिवा सांगतोय." गाडी ठेवून गेल्या.

स्कॅनरवर कोड सी-००३५, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचं सर्किट. कोडमध्ये 'सर्किट' म्हटलंय, आणि सर्किटात सेन्सर, त्याची वायर, कपलर, हार्नेस आणि मॉड्यूल असं सगळंच आलं. कोड वाचून थेट सेन्सर मागवायचा, ही सवय आमच्या धंद्यात फार बोकाळली आहे. पैसे गाडीवाल्याचे जातात आणि दोष आहे तिथेच राहतो.

४ जुलै

हाताखालच्या मुलाने मीटर ओहमवर लावला आणि सेन्सरच्या पिनांना टोकं भिडवायला निघाला. थांबवलं. जुन्या गाड्यांत सेन्सर म्हणजे लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं. त्याचा रोध मोजता येतो, बहुतेकांत हजार-दोन हजार ओहमच्या आसपास भरतो. हा नव्या जातीचा आहे. आत इलेक्ट्रॉनिक चिप, मॉड्यूल त्याला वीज पुरवतं, आणि चाक फिरलं की करंट ७ आणि १४ मिलिअँपिअरच्या दरम्यान वरखाली होतो. ओहममध्ये मोजून त्याचं काहीच कळत नाही, आणि चिपला इजा व्हायची शक्यता असते.

मग स्कॅनरवर चारही चाकांचा वेग एकत्र लावून मुलाला शेजारी बसवलं आणि बायपासवर ट्रायल घेतली. तीन चाकं ताशी २०, डावं पुढचंही २०. उजवीकडे वळण आलं की डावं एकदम शून्य. आकडा नुसता उड्या मारत असता, तर चाकाबरोबर फिरणाऱ्या चुंबकी रिंगवर किंवा ती आणि सेन्सर यांच्यामधल्या फटीवर संशय घेतला असता. एकदम शून्य, तेही वळणावरच, म्हणजे आधी संशय वायरीवर.

परत आल्यावर जॅक लावला, सेन्सरचा कपलर काढला आणि चावी चालू करून हार्नेसच्या बाजूला व्होल्टेज पाहिलं. १२ च्या आसपास. इथेच बरेच जण फसतात. वायरीतला एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर १२ दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. म्हणून बॅटरीची निगेटिव्ह काढली, मॉड्यूलचा कपलर सोडवला आणि दोन्ही टोकं मोकळी झाल्यावर त्या वायरीतून वेगळ्या बॅटरीने ५ वॅटचा दिवा पेटवला. एका वायरीवर लख्ख. दुसरीवर मिणमिणता, आणि वायर हलवली की गुल.

वायर बोटांत धरून इंच-इंच वाकवत गेलो. फेंडरच्या आतल्या प्लॅस्टिक अस्तरामागे एक जागा मऊ लागली. वरचं आवरण धडधाकट दिसत होतं, पण आत तांबं जवळजवळ उरलंच नव्हतं. अस्तराजवळची क्लिप गायब होती. त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरलं की सगळा ताण हार्नेसवर यायचा. मॉड्यूल ठणठणीत आहे. काढून टाकलेला जुना सेन्सरही बहुधा चांगलाच असणार.

५ जुलै

जोडकाम. वायर कापत मागे गेलो, तर तांबं हिरवं. तुटलेल्या जागेतून पाणी शिरतं आणि तंतूंच्या मधल्या फटींतून वर चढत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापलं, कारण हिरव्या तांब्यावर सोल्डर बसत नाही.

जॉइंट कुठे घ्यायचा हे कसा घ्यायचा याहून महत्त्वाचं. सेन्सरची जी वायर चाकाबरोबर वळते-हलते, तिच्यात मी जॉइंट घेत नाही. सोल्डरने वायर कडक होते आणि त्या कडेलाच पुन्हा तुटते. तिथे दोष असेल तर वायरीसकट सेन्सर बदलायचा. आजचा जॉइंट बॉडीला बांधलेल्या, न हलणाऱ्या भागात आला. दोन वायरींचे जॉइंट मागेपुढे ठेवले, म्हणजे एकमेकांना भिडणार नाहीत. आतून गोंद सुटणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. नुसती इन्सुलेशन टेप कोकणच्या पावसात टिकत नाही.

या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन आणलेल्या असतात. बाहेरचा विद्युत गोंधळ दोघींत सारखाच शिरावा आणि मॉड्यूलला तो वजा करता यावा, म्हणून. जोड झाल्यावर तो पीळ परत दिला. नवी क्लिप बसवली. चाक लटकतं ठेवून आणि जमिनीवर टेकवूनही स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवलं. वायर कुठे ताणत नाही, टायरला लागत नाही.

कोड पुसला, ट्रायल घेतली. वळणातही चारही आकडे बरोबर. बाईंना फोन करून सांगितलं.

९ जुलै

जुन्या जातीच्या सेन्सरची गाडी. दिवा फक्त पावसात लागतो. रोध ११०० ओहम, म्हणजे ठीक. मग वायरीवर मिठाचं पाणी फवारून वायर आणि बॉडी यांच्यामधला रोध पाहिला. कोरडी असताना अपार होता, तो काही हजारांवर आला. आवरणाला बारीक भोक होतं. कोणीतरी तपासताना सुई टोचली असावी. वायरीला सुई टोचू नये, कपलरच्या मागून बारीक पिन सरकवावी, हे मुलाला पुन्हा बजावलं.

१४ जुलै

आज चीड आली. सेकंडहँड घेतलेली गाडी. चावी चालू केल्यावर सगळे दिवे क्षणभर लागतात, त्यात एबीएसचा नाहीच. मीटर उघडलं तर त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी. मूळ दोष शोधला, तर मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग उलटं बसवलेलं निघालं. त्याच्या एका तोंडाच्या सीलमध्ये चुंबकी रिंग असते, ती सेन्सरकडे न येता विरुद्ध बाजूला गेलेली. ही गाडी तिच्या नव्या मालकाने पोराबाळांना बसवून घाटातून चालवली आहे.

१९७८ साली बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये एबीएसची ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिली. आपल्याकडे नव्या मोटारींना ती सक्तीची व्हायला एप्रिल २०१९ उजाडला. इतक्या उशिरा मिळालेलं संरक्षण चिकटपट्टीखाली झाकणं हा गुन्हाच मानला पाहिजे.

गाडीवाल्यांना माझी विनंती: चावी चालू केल्यावर एबीएसचा दिवा लागून विझतो का, हे आजच पाहा. लागतच नसेल, तर तो कोणी बंद केला ते शोधा. विझत नसेल, तर काम झाल्यावर चारही चाकांचा वेग स्कॅनरवर स्वतः पाहायला मागा. आणि पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी पुढे नेऊ नका, तिथेच उभी करा.