अल्झायमर आणि मेंदूतल्या रक्षक पेशी

आलोइस अल्झायमर यांनी आउगुस्टे डेटर या रुग्ण स्त्रीच्या मेंदूचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १९०७ साली त्यावर छोटासा लेख लिहिला. चेतापेशींबाहेर साचलेले ठिपके आणि पेशींच्या आतले तंतूंचे गुंते, या त्यातल्या दोन नोंदी पुढे जगभर गाजल्या. तिसरी मागे पडली: भोवतालच्या, चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींत त्यांना मेदाचे कण दिसले होते. मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून मला वाटतं, या आजाराचं बरंचसं मर्म त्या तिसऱ्या नोंदीत होतं. तिच्याकडे आपल्याला पुन्हा वळवलं ते जनुकांच्या अभ्यासानं.

ग्लियांपैकी मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी. मेलेल्या पेशी, प्रथिनांचा कचरा गिळून टाकणं हे त्यांचं काम. ते करताना त्या दाह वाढवणारी रसायनंही सोडतात. १९९०च्या सुमारास असं लक्षात आलं, की संधिवाताच्या रुग्णांत अल्झायमर अपेक्षेपेक्षा कमी आढळतो. मग दाहशामक गोळ्यांनी आजार टळेल, ही आशा साहजिकच होती. अमेरिकेत अडीच हजारांहून अधिक ज्येष्ठांवर नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिबची चाचणी झाली. हृदयाला धोका असल्याच्या शंकेनं २००४ साली औषधं थांबवली गेली, आणि स्मृती वाचल्याचंही पुढे दिसलं नाही.

असं का व्हावं, याचा धागा २०१२च्या अखेरीस हाती आला. आइसलँड आणि लंडनमधल्या दोन गटांना, स्वतंत्रपणे, ट्रेम-२ या जनुकातला एक विरळा बदल सापडला. त्यानं अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट होतो. मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लियांतच काम करतं आणि या बदलामुळे त्याचं काम दुबळं होतं. म्हणजे इथे धोका वाढला तो रक्षक कमी पडल्यामुळे! उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की केर कोपऱ्यात दाबून ठेवावा तशा या पेशी अमायलॉइडला, म्हणजे त्या ठिपक्यांतल्या प्रथिनाला, घेरून घट्ट करतात. ट्रेम-२ नसेल तर ते सैल पसरतं आणि शेजारचे चेतातंतू जास्त बिघडतात. पुढच्या टप्प्यात, गुंत्यांमधलं टाऊ प्रथिन पसरू लागल्यावर, याच पेशींचा दाह चेतापेशींच्या मुळावर येऊ शकतो. म्हणून 'दाह कमी करा' हा सरसकट सल्ला मला पटत नाही. तो कोणत्या टप्प्यावर, हे आधी ठरवायला हवं.

सर्वांत ठळक जनुक मात्र एपीओई, मेदाची ने-आण करणाऱ्या प्रथिनाचं. त्याच्या ई-४ या प्रकाराचा अल्झायमरशी संबंध १९९३ साली उघड झाला. एक प्रत असेल तर धोका साधारण तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट. अशा दोन प्रती असलेल्या रुग्णांच्या मायक्रोग्लियांत मेदाचे थेंब विशेष साठतात, हे २०२४ साली प्रसिद्ध झालं. अल्झायमर यांच्या तिसऱ्या नोंदीला एवढी वर्षं थांबावं लागलं.

हे आकडे बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत, हे मला सतत खटकतं. हरियाणातल्या बल्लभगडच्या ग्रामीण पाहणीत ई-४ अमेरिकेतल्या तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळला होता आणि अल्झायमरही फार कमी. आपल्याकडे असे अभ्यास गावोगावी व्हायला हवेत.

रुग्णासोबत आलेली लेक हमखास विचारते, "डॉक्टर, आईला झालाय, मग मलाही होणार का?" आईला सत्तरीनंतर झाला असेल, तर कारण सहसा एकच जनुक नसतं. एका जनुकातल्या दोषामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा प्रकार एक टक्क्याहूनही विरळ, आणि तो बहुधा साठीच्या आतच गाठतो. निरोगी माणसाला मी एपीओईची तपासणी सुचवत नाही: दोन प्रती असून म्हातारपणी तल्लख राहिलेली माणसं आहेत, एकही नसताना आजारी पडलेली तर पुष्कळच. त्यापेक्षा तिचा रक्तदाब, साखर आणि ऐकू नीट येतं ना, हे मी पाहते.

आजार सुरू झालेल्या आणि लेकॅनेमॅबसारखं प्रतिपिंडाचं औषध घेऊ पाहणाऱ्या रुग्णाला मात्र ही तपासणी मी आग्रहानं करायला सांगते. या प्रतिपिंडामुळे मायक्रोग्लिया अमायलॉइड उपसू लागतात, आणि ई-४च्या दोन प्रती असलेल्यांत तेव्हा मेंदूला सूज येण्याचा, बारीक रक्तस्राव होण्याचा धोका सर्वाधिक असतो.