नाकाने निवडलेले गुलाब

चंदीगडचे नाव निघाले की आपल्याकडच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे ल कार्बुझिए या वास्तुकाराने आखलेले सरळसोट रस्ते आणि काँक्रीटच्या भव्य इमारती उभ्या राहतात. सिमल्याला जाणारे प्रवासी तिथे एक रात्र मुक्काम करतात, सुखना तलावावर फेरी मारतात, रॉक गार्डन पाहतात आणि दुसऱ्या दिवशी काळकेची गाडी गाठतात. सोळाव्या सेक्टरातली एक बाग मात्र पुष्कळांच्या नजरेतून निसटते. तिचे नाव डॉ. झाकिर हुसेन गुलाबबाग. सुमारे तीस एकरांची ही बाग १९६७ साली उभी राहिली. त्या वेळी चंदीगडचे चीफ कमिशनर होते डॉ. महिंदरसिंग रंधावा. हे गृहस्थ आय. सी. एस. असूनही मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यामुळे शहर वसवताना रस्त्यांइतकीच झाडांचीही काळजी त्यांनी वाहिली. त्याच वर्षी राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन स्वतः गुलाबांचे मोठे शौकीन होते, तेव्हा बागेला त्यांचे नाव मिळाले यात नवल ते काय!

फेब्रुवारी महिन्यात या बागेत वाफ्यामागून वाफे फुललेले असतात. शेकडो जातींचे गुलाब, मधून फिरणाऱ्या पायवाटा, उत्तरेला शिवालिकच्या टेकड्यांची निळसर रेघ. महिन्याच्या अखेरीस गुलाबोत्सव भरतो आणि मग अवघे शहर इथे लोटते. कॅमेरे, मोबाईल, मुलांचे फुगे! जो तो गुलाबासोबत आपले छायाचित्र काढून घेण्यात गर्क. गुलाबापाशी वाकून त्याचा वास घेणारा मात्र शंभरात एखादा. आम्ही दोघे त्या एकांत मोडत होतो, आणि त्याला कारणही तसेच होते.

२०२१ च्या एप्रिलात कोविडने आमचे घर गाठले. देवाच्या कृपेने जिवावरचे संकट टळले. पण सौभाग्यवतींचा वास गेला तो गेलाच. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. "वासच गेला ना? मग त्यात काय एवढे!" असे आम्हांला पुष्कळांनी ऐकवले. ज्या बाईने तीस वर्षे फोडणीच्या वासावरून मोहरी तडतडली की करपली हे पाठमोरी उभी राहून ओळखले, तिला गॅसवर दूध जळून कोळसा झाल्याचे शेजारणीने येऊन सांगावे लागले, तेव्हा त्यात काय एवढे ते आम्हांला कळले. आमटी तिला उकळलेल्या पाण्यासारखी लागे. पुढे तर कॉफीला जळक्या रबराचा वास येऊ लागला. नातवाला मांडीवर घेऊन त्याच्या टाळूचा वास घेण्याची तिची जुनी सवय. ती सवयही तिने हळूच सोडली. त्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारले नाही.

डॉक्टरांनी औषधाऐवजी नाकाची तालीम सांगितली. जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथे डॉ. थॉमस हुमेल यांनी २००९ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. चार वास घ्यायचे: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वास काही क्षण मन लावून हुंगायचा, निदान बारा आठवडे. नाकातल्या गंधतंतूंना नव्याने फुटण्याची शक्ती असते. या तालमीने त्यांना वळण लागते. सर्वांनाच गुण येतो असे नाही, पण पुष्कळांना येतो.

लिंबू आणि लवंग स्वयंपाकघरात होतीच. निलगिरीच्या तेलाची बाटली औषधाच्या कपाटात सापडली. राहिला गुलाब. मी कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडून लांब दांड्याचा, टपोरा, लालभडक गुलाब आणला. सौ.ने डोळे मिटून तो नाकाशी धरला आणि मान हलवली.

"अहो, काहीच येत नाही हो."

मी तो हातात घेऊन हुंगला. मलाही काही आले नाही! म्हणजे गुन्हेगार नाक की गुलाब, याचा निवाडा करायला साक्षीदारच उरला नाही. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून किती तरी दिवसांनी खळखळून हसलो. त्या दिवसापासून खरोखरीच्या वासाचा गुलाब शोधण्याचे वेड आम्हांला लागले. २०२३ च्या फेब्रुवारीत भाच्याकडे चंदीगडला जाण्याचा योग आला तो याच वेडाच्या पोटी.

फुलवाल्याच्या गुलाबाला वास का नसतो, हे आधी सांगतो. हे गुलाब आपल्या मावळातल्या तळेगावसारख्या ठिकाणी हरितगृहांत पिकतात आणि बर्फासारख्या गारव्यात बंद होऊन दूरदूरच्या बाजारांत जातात. त्यांची निपज दांडा लांब असावा, रंग फिका पडू नये आणि फूल फुलदाणीत आठवडाभर टिकावे, या हेतूने झालेली असते. या निवडीत सुवास मागे पडला. त्यात शेतकऱ्याचा काय दोष? गिऱ्हाइकाने मागितले तेच त्याने पिकवले.

२०१५ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी याच्या मुळाशी हात घातला. त्यांनी दोन गुलाब शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही मेयाँ या एकाच घराण्यातले. पापा मेयाँ हा सुवासिक, तर रूज मेयाँ हा जवळजवळ निर्गंध. पाकळ्यांतली जनुके ताडून पाहता एक विकर असे आढळले, की ते सुवासिक गुलाबात जोमाने काम करते आणि निर्गंध गुलाबात जणू झोपलेले असते. दिसायला दोघेही देखणे. फरक एवढाच, की एकाच्या घरी अत्तराची भट्टी पेटलेली, दुसऱ्याच्या घरी विझलेली!

पिवळ्या गुलाबाची कथा याहून गमतीची आहे. युरोपातल्या नव्या संकरित गुलाबांत गडद पिवळा रंग आणला तो पेर्ने-द्युशे या फ्रेंच माळ्याने, १९०० साली. त्यासाठी त्याने ज्या रानगुलाबाचा संकर केला त्याचे शास्त्रीय नाव आहे रोझा फेटिडा, म्हणजे चक्क दुर्गंधी गुलाब. रंग तर मिळाला, पण त्यासोबत पानांवर काळे ठिपके पडण्याचा रोगही नव्या गुलाबांत शिरला.

आता बागेकडे वळू. पहिल्या दिवशी आम्ही उत्साहाच्या भरात भल्या पहाटे जाऊन पोहोचलो. गवतावर दव, हवेत बोचरा गारठा. दहा-बारा फुलांवर वाकून झाले, पण वास म्हणाल तर नावाला. एक वयस्कर सरदारजी माळी बराच वेळ आमच्याकडे पाहत होता. अखेर जवळ येऊन म्हणाला, "बीबीजी, थोडी धूप चढने दो. फिर खुशबू उठेगी."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. गुलाबाचा सुवास म्हणजे पाकळ्यांतून उडणारी तेले. गारठ्यात ती उडत नाहीत आणि भर दुपारच्या उन्हात उडून जातात. ऊन अंगाला गोड लागू लागते ती वेळ उत्तम. फूलही अर्धे उमललेले हवे. कळी मुकी असते आणि पूर्ण पिंजारलेल्या फुलाने आपले धन उधळून टाकलेले असते. सरदारजीने आणखी एक युक्ती सांगितली. एकदम दहा फुले हुंगू नयेत, नाक थकते. तीन-चार झाली की थोडे चालून यावे.

नऊच्या सुमारास आम्ही पुन्हा सुरुवात केली. डबल डिलाइटच्या एका फुलापाशी सौ. थांबली. साईच्या रंगाच्या पाकळ्या आणि त्यांच्या कडांना लाल झाक. ती पुन्हा वाकली, आणि पुन्हा.

"लवंग," ती म्हणाली. "गुलाब नाही हं. पण लवंगेसारखे काही तरी आहे."

मी वास घेतला. त्या गोड सुवासाच्या तळाशी मसाल्याची छटा होती खरी. मला एकट्याला ती कधीच ओळखू आली नसती. सारा गुलाब तिला मिळाला नव्हता, पण त्यातला एक धागा हाती आला होता. सरदारजीला यातले काही ठाऊक नव्हते. तो समजुतीने मान डोलावून पुढच्या वाफ्याकडे गेला.

त्या दोन दिवसांत, आणि नंतर पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनात आम्ही जे शिकलो, त्याचे सार वाचकांपुढे ठेवतो.

लाल मखमली गुलाब हवा असेल तर क्रिमसन ग्लोरीचे नाव आधी घ्यावे. जर्मनीच्या कोर्डेस यांनी तो १९३५ साली निर्माण केला. अमेरिकन गुलाबसंस्थेने सुवासासाठी पदक देण्यास सुरुवात केली तेव्हा १९६१ सालचे पहिले पदक यालाच मिळाले. याची मान मात्र नाजूक, फूल खाली झुकते. पापा मेयाँ, मिस्टर लिंकन आणि ओक्लाहोमा ही तिघे सख्खी भावंडे. तिघांचे आईबाप एकच. थोरला १९६३ चा फ्रेंच, धाकटे दोघे १९६४ चे अमेरिकन. पापा मेयाँचा सुवास असा, की एक फूल खोलीला पुरावे. पण तो प्रकृतीने नाजूक, भुरी चटकन धरतो. मिस्टर लिंकन उंच, सरळ आणि काटक. नवशिक्याने घ्यावा तो हाच.

लालाचा कंटाळा असेल त्याने १९७७ चा डबल डिलाइट किंवा १९६३ चा फ्रेग्रंट क्लाउड पाहावा. हा दुसरा पोवळ्याच्या रंगाचा, जर्मनीच्या टांटाऊ यांचा. आपल्या देशातल्या गुलाबांत डॉ. बी. पी. पाल यांचा गुलाबी रंगाचा रोझ शरबत नावाजलेला आहे. डॉ. पाल हे गव्हाचे थोर शास्त्रज्ञ, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. दिवसा देशाच्या भाकरीची काळजी आणि उरल्या वेळात गुलाबांचे संकर, असा त्यांचा संसार!

फार निगा राखणे जमणार नसेल, तर जुन्या चालीचा ग्रुस आन टेप्लिट्झ शोधावा. रुडॉल्फ गेश्विंड नावाच्या वनाधिकाऱ्याने १८९७ साली तो प्रसिद्ध केला आणि टेप्लिट्झला नमस्कार असे त्याचे नाव ठेवले. फूल लहान, पण येते ते घोसांनी. आणि आपला गावठी गुलाब विसरून कसे चालेल? परसातला हा गावठी म्हणजे पुष्कळदा एडवर्ड जातीचा असतो. काडी खोचली तरी जगतो, गुलकंदाला उत्तम. अत्तराचा खरा गुलाब म्हणजे दमास्क. पुष्कर आणि हळदीघाटीकडे होणारा हा चैती गुलाब वर्षातून एकदाच, वसंतात बहरतो. त्याला हिवाळ्याची थंडी लागते. मुंबईच्या गॅलरीत त्याच्या नादी लागू नये.

आता लागवडीविषयी दोन शब्द. पाऊस सरल्यावरचे हे दिवाळीचे दिवस आपल्याकडे त्यासाठी अगदी योग्य. गॅलरी असो वा गच्ची, पाच-सहा तास ऊन हवेच. कुंडी निदान बारा इंची, बुडाला भोक मोकळे. तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. रोप घेताना डोळा भरलेली जागा नीट पाहावी. लावताना ती मातीच्या वर राहू द्यावी आणि तिच्या खालून येणारा फुटवा काढून टाकावा, नाही तर खुंटाचे रान माजते आणि कलम मरते. पाणी सकाळी, मुळाशी. संध्याकाळी पाने भिजवू नयेत. घरात जुनी झाडे असतील तर पाऊस संपताच छाटणी करावी, म्हणजे साधारण सहा-सात आठवड्यांत फूल येते. हुंगायच्या आणि खायच्या फुलांवर विषारी औषधे मारू नयेत, हे सांगायला नकोच.

आमच्या गच्चीत सध्या मिस्टर लिंकन, डबल डिलाइट आणि गावठी अशा तीन कुंड्या आहेत. सौ.ला लिंबू आणि लवंग आता स्पष्ट येतात, फोडणी बरीचशी येते, गावठी गुलाब कधी येतो, कधी येत नाही. कॉफी अजून सुधारलेली नाही.

तेव्हा यंदा रोपवाटिकेत जाल तेव्हा फुलाचा फोटो पाहून रोप मागू नका. चिठ्ठीवरच्या नावावरही फार विसंबू नका. नावे बदलतात, चिठ्ठ्या गळून पडतात. फूल आलेले रोप मागा, सकाळी नऊच्या सुमारास जा, आणि जमल्यास घरातल्या लहान मुलाला बरोबर न्या. नाक त्याचे सर्वांत तल्लख, आणि खाली वाकण्याचा त्रासही त्यालाच सर्वांत कमी.