निजलेल्या गर्दीचा कौल

रॉक संगीताच्या चाहत्यांमध्ये एक वाद गेली पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे, मॅक्स यास्गर या दुग्धव्यावसायिकाच्या शेतावर वुडस्टॉकचा संगीत महोत्सव भरला. चार लाखांहून अधिक लोक जमले होते. त्या वर्षी लोकप्रियतेच्या शिखरावर असलेला ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ हा बँड मध्यरात्र उलटून गेल्यावर तेथे मंचावर आला. त्या रात्री त्यांचे गाणे रंगले की फसले, आणि समोरच्या गर्दीला ते आवडले की नाही, हा तो वाद. आरोग्याच्या पाक्षिकात याचे काय प्रयोजन, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रात्री-अपरात्री आजारी माणसाच्या उशाशी बसणाऱ्यांना या वादातून काही घेण्यासारखे आहे, असे माझे मत झाले आहे.

या बँडची ओळख मला एमबीबीएसच्या वर्षांत झाली. वसतिगृहात शेजारच्या खोलीतील मैत्रिणीकडे त्यांची एक कॅसेट होती आणि परीक्षेच्या दिवसांत जागरणाला तिचीच सोबत असे. इंग्रजी शब्द अर्धेमुर्धे कळत, ठेका मात्र पुरता कळे. वुडस्टॉकच्या वादाची ओळख मात्र अलीकडची. ती माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका कुटुंबातील दोन भावांमुळे झाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) थोरले बँकेतून निवृत्त झालेले, वय ६४. घरी ८७ वर्षांची आई, तिला स्मृतिभ्रंश. धाकटे कॅलिफोर्नियात असतात, वर्षातून एकदा महिनाभर येतात. आईंना तपासायला मी घरी गेले की चहाच्या निमित्ताने दोघांचा हा वाद हमखास रंगतो. वहिनी हसत म्हणतात, “डॉक्टर, यांना आता तुम्हीच काही औषध द्या.”

वादातील वस्तुस्थिती अशी आहे. १६ ऑगस्टच्या शनिवारी पावसामुळे आणि अडचणींमुळे सारे वेळापत्रक कोलमडले होते. क्रीडन्सच्या आधी ‘ग्रेटफुल डेड’ या बँडचे गाणे होते. ओल्या मंचावर वीजजोडणीचा घोळ झाला, वादकांना झटके बसले आणि शेवटचे गाणे लांबतच गेले. क्रीडन्सची पाळी आली तेव्हा मध्यरात्र सरली होती. कोणी ती वेळ साडेबाराची सांगतात, कोणी पार अडीच-तीनची. मुख्य गायक, गीतकार आणि गिटारवादक जॉन फोगर्टी यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे की, दिव्यांच्या झोतापलीकडे पाहिले तेव्हा चिखलाने माखलेली, एकमेकांना बिलगून गाढ झोपलेली माणसे दिसली. गाणे पोचत नाही असे वाटून ते खचू लागले. तेवढ्यात दूर अंधारात कोणीतरी लायटर पेटवला आणि ओरडून धीर दिला, आम्ही तुमच्यासोबत आहोत. उरलेला कार्यक्रम आपण त्या एका माणसासाठी केला, असे फोगर्टी सांगतात.

वुडस्टॉकचा प्रसिद्ध चित्रपट आणि ध्वनिमुद्रिकांचा संच १९७० मध्ये आला. त्या दोहोंत क्रीडन्स नाही. हे सादरीकरण आपल्या दर्जाचे नव्हते, असे म्हणून फोगर्टी यांनी नकार दिला. त्याच मंचावर त्याच वेळी वाजवणारे बास गिटारवादक स्टू कूक आणि ड्रमवादक डग क्लिफर्ड यांचे मत नेमके उलटे होते. आपण त्या रात्री चांगले वाजवले, असे ते सांगत आले. संपूर्ण ध्वनिमुद्रण प्रसिद्ध व्हायला २०१९ साल उजाडावे लागले.

येथून चाहत्यांत दोन तट पडतात. आमच्या थोरल्या भावांचा पक्ष फोगर्टींचा. समोरची माणसे निजली असतील तर गाणे कितीही चांगले असो, त्याला काय अर्थ, असे ते विचारतात. शिवाय त्याच रात्री तीननंतर ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या बँडने तीच गर्दी उभी करून तिच्याकडून गाऊन घेतले, हा त्यांचा बिनतोड मुद्दा. धाकटे म्हणतात, “दादा, तू टेप ऐक. लय कुठे ढळली आहे ते दाखव.” मंचावरचे मायक्रोफोन गाणाऱ्याकडे वळलेले असतात, गर्दीकडे नव्हे, त्यामुळे टेपवर टाळ्या कमी ऐकू आल्या म्हणून त्या कमी पडल्या असे सिद्ध होत नाही, हेही ते बजावतात.

गाण्याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. निजलेल्या गर्दीविषयी मात्र डॉक्टर म्हणून सांगता येते. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात पेशींचा एक चिमुकला पुंज आहे. तो शरीराचे मुख्य घड्याळ. डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशाशी ते रोज जुळवून घेते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढू लागते, शरीराचे तापमान हळूहळू उतरते आणि पहाटे चारच्या सुमारास ते सर्वांत खाली असते. दुसरीकडे, माणूस जितका वेळ जागा राहतो तितकी झोपेची थकबाकी साचत जाते. शुक्रवारपासून पावसात, चिखलात, अर्धपोटी बसलेल्या त्या मुलांच्या बाबतीत शनिवारी मध्यरात्री घड्याळ आणि थकबाकी या दोघांनी मिळून एकच हुकूम दिला होता. त्यांची निद्रा म्हणजे नापसंती नव्हती.

मग स्लायच्या वेळी गर्दी उठली कशी? तास-दोन तासांच्या झोपेने थकबाकी थोडी फिटते, आणि मोठ्याने, पुन्हा पुन्हा साद घातली तर निजलेला माणूस उठतोही. नंतर पहाटे ‘द हू’ या बँडच्या कार्यक्रमाच्या अखेरीस सूर्य उगवला, आणि ते क्षण आजही महोत्सवाच्या उत्कट आठवणींत गणले जातात. उजेड हा मेंदूला जागे करणारा सर्वांत जुना इशारा आहे. गाणाऱ्यांचा मोठेपणा जराही कमी न करता एवढे म्हणता येईल की, पाळी कोणत्या प्रहरी आली यावरही बरेच अवलंबून होते. हे आपल्याकडच्या जुन्या रसिकांना वेगळे सांगायला नको. रागांना प्रहर नेमून देणारी आपली परंपरा. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात एके काळी रात्रभर मैफली चालत. सतरंजीवर पांघरूण घेऊन डुलकी काढणारे श्रोते तेव्हा सर्वांनी पाहिले आहेत. गायकाचा अपमान करावा असे त्यांच्या मनातही नसे.

आणखी एक गोष्ट. त्या रात्री मंचावरचा माणूसही थकलेलाच होता. अपुरी झोप झालेला मेंदू समोरच्या चेहऱ्यांत राग, नाराजी, तुटकपणा चटकन शोधतो. जे निर्विकार असते तेही त्याला प्रतिकूल वाटते. एकाच मंचावरून तिघांनी एकच गर्दी पाहिली आणि निष्कर्ष वेगळे काढले, यात मला नवल वाटत नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी थोरले भाऊ एकटेच दवाखान्यात आले. डोळे खोल गेलेले, रक्तदाब वाढलेला. म्हणाले, “डॉक्टर, रात्री दोनला मी आईचे अंथरूण बदलतो, कूस वळवतो, पाणी देतो. ती हात झटकते. डोळे उघडत नाही, नाव घेत नाही. माझे काही पोचतच नाही तिच्यापर्यंत. तिला कुठेतरी ठेवावे असे ठरवले आहे.” फोगर्टींचा पक्ष ते इतक्या हिरिरीने का घेत होते, ते मला तेव्हा उमगले.

आईंना संस्थेत ठेवण्याचा निर्णय चुकीचा असता असे नाही. काही घरांत तोच योग्य ठरतो, आणि तो घेणाऱ्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र तो रात्री दोनच्या पुराव्यावर घेऊ नये, एवढेच मी त्यांना सुचवले. त्या घटकेला आईंचा मेंदू निजेच्या तळाशी असतो. गाढ झोपेतून उठवलेल्या निरोगी माणसालाही भानावर यायला पाव ते अर्धा तास लागतो; स्मृतिभ्रंशात त्याहून अधिक. झटकलेला हात हा झोपेचा असतो, आईचा नसतो.

आम्ही एक वही सुरू केली. दिवसातून तीनदा, प्रत्येकी दोन ओळी: आई काय खाल्ले, कोणाकडे पाहून हसली, काय बोलली. महिन्याने ती वही आम्ही दोघांनी वाचली. सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळेत, गॅलरीत उन्हात बसवल्यावर, आई बहुतेक रोज काहीतरी बोलत होत्या. दोनदा त्यांनी थोरल्या मुलाला लहानपणच्या लाडक्या नावाने हाक मारली होती. ती नोंद त्यांच्याच हातची, पण रात्रीच्या थकव्यात पार विसरलेली. काही ध्वनिमुद्रणे पन्नास वर्षांनी ऐकली जातात. आपल्याकडे तेवढी सवड नसते, म्हणून वही बरी.

घरी वयस्कर रुग्ण असलेल्या वाचकांसाठी काही गोष्टी येथे नोंदवते. रात्री कोणत्या कामासाठी रुग्णाला उठवणे खरोखर आवश्यक आहे, ते आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. कित्येक गोळ्यांची वेळ झोपण्यापूर्वीची किंवा सकाळची करता येते. अर्धवट झोपेत असलेल्याला पाणी किंवा अन्न भरवू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. रात्री मंद, पिवळसर दिवा पुरे. सकाळी मात्र अर्धा तास तरी बाहेरचा उजेड मिळावा, त्याने शरीराचे घड्याळ जागेवर राहते. झोपेची गोळी, इतकेच काय सर्दीचे गुंगी आणणारे औषधही, स्वतःच्या मनाने देऊ नये. वृद्धांत त्याने गोंधळ वाढतो आणि तोल जाऊन पडण्याची भीती असते.

एक इशाराही द्यायला हवा. प्रत्येक सुस्ती ही झोप नसते. काल दिवसा नीट बोलणारा रुग्ण आज दिवसाही उठवून उठत नाही, एकाएकी गप्प किंवा भांबावलेला झाला आहे, बोलणे जड झाले आहे, चेहऱ्याची वा हातापायाची एक बाजू लुळी वाटते, ताप आहे किंवा लघवी कमी झाली आहे, अशा वेळी सकाळची वाट न पाहता वैद्यकीय मदत घ्यावी. मेंदूतील रक्तपुरवठा खंडित होणे, जंतुसंसर्ग, रक्तातील साखर किंवा सोडियम घटणे, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

राहिली गोष्ट जागणाऱ्याची. सतरा-अठरा तास सलग जागा असलेला माणूस मद्याचा थोडा अंमल चढलेल्या माणसाइतकाच मंदावतो. त्या अवस्थेत औषधाची मात्रा चुकते, तोंडून नको ते शब्द जातात. म्हणून आठवड्यातून निदान दोन रात्री दुसऱ्या कोणीतरी घ्याव्यात. नातेवाईक, मदतनीस, शेजारचे कोणी, ज्यांना शक्य असेल त्यांनी. दूर असलेल्यांनी आपण काय करणार असे म्हणून गप्प बसू नये. पुण्यात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात दुपार असते. मी हे धाकट्या भावांच्या लक्षात आणून दिले. आता मंगळवारी आणि शुक्रवारी त्या वेळी त्यांचा फोन येतो. आई निजलेल्याच असतात. थोरले अंथरूण बदलतात, धाकटे पलीकडून सोबत करतात. “मी आहे रे दादा,” एवढेच पुष्कळदा बोलणे होते.

आईंना त्यांनी अजून घरीच ठेवले आहे. पुढचे पुढे ठरवतील. सध्या आठवड्याच्या दोन रात्री मदतनीस येते आणि थोरल्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे. क्रीडन्सचा वाद मिटलेला नाही. परवा धाकट्यांनी पुन्हा टेप लावली आणि थोरल्यांनी पुन्हा मान हलवली. पण तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि दोघांचीही झोप झाली होती.