तीन शिफ्टांतली सेवा

ख्रिस्ती सेवकाला पाचारण एकट्याला ऐकू येते, पण ते खरे की नाही हे एकट्याने ठरवता येत नाही. बायबलमधल्या लहानग्या शमुवेलाला रात्री हाक आली तेव्हा तो तीनदा उठून एलीकडे धावला. हाक देवाची आहे हे त्या मुलाला कळले नाही. दृष्टी मंदावलेल्या म्हाताऱ्या याजकाला ते उमगले. म्हणून एखादा तरुण ‘प्रभूने मला सेवेसाठी बोलावलंय’ असे म्हणत आला, की जाणते पाळक त्याला लगेच उपदेशाला उभे करत नाहीत. त्याला उपासनेआधी सतरंज्या अंथरायला सांगतात, रविवार-शाळेतली पोरे सांभाळायला देतात, आजाऱ्याच्या घरी सोबत नेतात. पुढे मंडळीतले (म्हणजे चर्चच्या समूहातले) वडीलधारे, शेजारीपाजारी आणि मुख्य म्हणजे घरची माणसे त्याच्याविषयी काय बोलतात ते कान देऊन ऐकतात. नव्या करारात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीचा कारभार पाहणाऱ्याच्या गुणांची यादी आहे. तिच्यात शिकवण्याच्या हातोटीचा उल्लेख ओझरता येतो. बाकी बहुतेक सारे स्वभावाविषयी आहे: पैशाचा लोभ नसावा, भांडकुदळ नसावा, स्वतःचे घर नीट चालवणारा असावा, मंडळीबाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. सेवकाच्या बाबतीत साक्ष देण्याचा अधिकार त्याच्या धर्माबाहेरच्या माणसालाही दिलेला आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात या अटीला विशेष अर्थ येतो, कारण इथे ख्रिस्ती माणूस बहुतेक वेळा इतरांमध्येच राहतो. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. पुढच्या दशकात एमआयडीसी आली, मोटारी आणि स्कूटर बनवणारे मोठे कारखाने आले; अलीकडे चाकणचा माळ गाड्यांच्या कंपन्यांनी भरून गेला. या कामांवर नगर, जालना, सोलापूरकडून जी कुटुंबे आली त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला ठाणे केले आणि पुढे त्या भागात खेडोपाडी मंडळ्या उभ्या राहिल्या. गावाकडे मंडळी म्हणजे एक वस्ती, एक विहीर, एक शाळा. इथे तीच मंडळी भोसरी, काळेवाडी, आकुर्डी, मोशी, चाकण अशी विखुरलेली. चाळीत वरच्या मजल्यावर मराठवाड्याचे वारकरी कुटुंब, शेजारी बिहारचा वेल्डर, खाली ही एक ख्रिस्ती खोली. तिथे नाताळला तारा लागतो आणि करंज्यांचे ताट सगळ्या मजल्यांवर फिरते.

या पट्ट्याच्या एका अंगाला तुकोबांचे देहू आहे आणि दुसऱ्या अंगाला आळंदी. मराठी ख्रिस्ती सेवकाला हे दोन्ही शेजार परके नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी पोहोचलो, अशा अर्थाचे म्हणून ठेवले आहे. आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घर दुभंगले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, मग परतल्या आणि पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या. हा सारा ताण लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात इतक्या मोकळेपणाने लिहिला आहे, की सेवेत उतरू पाहणाऱ्या प्रत्येक नवराबायकोने ते पुस्तक एकत्र बसून वाचावे. पाचारण एकाला होते. त्याची किंमत घरातले सगळे मोजतात.

टिळकांच्या आयुष्यातला सर्वांत शिकण्याजोगा टप्पा मात्र बाप्तिस्म्याच्या फार नंतरचा आहे. 1917 मध्ये, पन्नाशी उलटून गेल्यावर, नाव आणि मान मिळालेला असताना, त्यांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सगळे शिष्य तिथे बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यांची ओढ होती. मृत्यूपूर्वी त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली, त्यामुळे दरबार फार वाढला नाही. तरीही पाचारण एकदा ऐकून संपत नाही, म्हातारपणीही ते माणसाला बसल्या जागेवरून उठवू शकते, हे या घटनेइतके स्पष्ट क्वचितच दिसते. त्यांची भजने आजही ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून पेटी-तबल्यावर गायली जातात.

पगार सोडणे हाच मात्र एकमेव मार्ग नाही. प्रेषित पौल करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवण्याचे काम करत असे आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात बोलत असे. कारखान्यांच्या या पट्ट्यात तोच मार्ग अधिक सहज आहे. लहान मंडळीच्या अर्पणातून एका कुटुंबाचे घरभाडेही निघत नाही; म्हणून सेवक कुठे स्टोअरमध्ये, कुठे क्वालिटी विभागात, कुठे शाळेच्या बसवर नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात मंडळी पाहतो. हे कमीपणाचे लक्षण मानण्याची एक वाईट सवय आहे. खरे तर पहाटे पाचला कंपनीच्या बससाठी उभा राहणारा सेवक आपल्या माणसांची दमणूक अंगाने जाणतो, आणि ते ज्ञान कोणत्याही सेमिनरीत मिळत नाही.

सेमिनरीचे शिक्षण अनावश्यक आहे, असा याचा अर्थ नव्हे. 1983 मध्ये यवतमाळहून पुण्यात आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि रामवाडीची ज्ञानदीप ही संस्था या पट्ट्यापासून तासाभराच्या अंतरावर आहेत. शास्त्र नीट शिकलेला सेवक आजाऱ्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे कधी म्हणणार नाही. अर्धवट शिकलेला म्हणतो, आणि त्या एका वाक्याने झालेली जखम वर्षानुवर्षे भरत नाही.

इथल्या सेवेचे घड्याळ चर्चच्या घंटेवर चालत नाही, भोंग्यावर चालते. बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणजे रविवारी सकाळी मंडळीतली अर्धी कर्ती माणसे मशीनवर उभी असतात. त्यामुळे उपासना रविवारी होते, पण घरगुती प्रार्थनासभा गुरुवारी संध्याकाळी भरते आणि कित्येकांची खरी मंडळी तीच असते. सेकंड शिफ्टवाल्याला भेटायचे तर सकाळी दहानंतर. नाइट करून आलेल्याचे दार दुपारी वाजवायचे नाही. सेवकाच्या वहीत घराघराच्या नावापुढे शिफ्टची नोंद असावी लागते. उपदेश वीस मिनिटांच्या वर जाऊ नये. ऐकणाऱ्यांत रात्रपाळी करून थेट आलेला माणूस असतो; त्याचा डोळा लागला तर ते उपदेशाचे अपयश नव्हे, आणि त्याचा अपराध तर मुळीच नव्हे.

या कामाचा कस रुग्णालयात लागतो. पॉवर प्रेसखाली बोटे गेलेला कंत्राटी कामगार मोहननगरच्या ईएसआय (कामगार विमा) रुग्णालयात किंवा संत तुकारामनगरच्या वायसीएम या महापालिकेच्या रुग्णालयात आणलेला असतो. हाताला जाड बँडेज, दुसऱ्या हाताला सलाईन, आणि खाटेच्या कडेला बसलेली बायको, जिने सकाळपासून काही खाल्लेले नसते. अशा वेळी शास्त्र उघडणारा सेवक कच्चा. जाणता सेवक आधी डबा पुढे करतो, फोनचा चार्जर देतो, मुले कुणाकडे आहेत ते विचारतो. मग ईएसआयचा विमा क्रमांक आहे का, कंपनीकडून अपघाताचा अहवाल गेला का, सुपरवायझरने कशावर सही तर घेतली नाही ना, हे पाहतो. तो अहवाल वेळेत गेला नाही तर पुढचे भत्ते अडकतात, आणि घाबरलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही. हे सगळे मार्गी लागल्यावर, घरच्यांची इच्छा असेल तर, हात धरून चार वाक्यांची प्रार्थना. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण कोणत्याही धर्माचा असो, डब्यातली एक पोळी त्यालाही. त्याच्यापुढे धर्माचा विषय काढायचा नाही. आजारपणात हतबल झालेल्या माणसाला मदतीच्या मोबदल्यात श्रद्धा मागणे ही सेवा नव्हे. ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता.

पैशाच्या बाबतीत नम्रतेला व्यवहाराची शिस्त लागते. अर्पण दोघांनी मिळून मोजावे, त्याच दिवशी वहीत लिहून दोघांनी सही करावी, रक्कम सेवकाच्या खात्यात नव्हे तर मंडळीच्या खात्यात जावी. मदत करतानाही हीच शिस्त लागते. पंडिता रमाबाईंनी (1858–1922) केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला, पण त्यांना केवळ दानावर ठेवले नाही. विणकाम, छापखाना, तेलघाणा असे उद्योग शिकवले. रमाबाईंनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या माणसाला वाचता येईल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. त्याची छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली आणि ते रमाबाईंच्या निधनानंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कधी कोणत्या मंडळीच्या पाळक नव्हत्या. दीक्षा, पदवी, व्यासपीठ यांच्याशिवाय सेवा किती खोल जाऊ शकते, हे पुणे जिल्ह्यातल्याच या उदाहरणावरून मोजावे.

सेवकाला सर्वांत मोठा मोह कौतुकाचा असतो. उपदेश ऐकून लोक डोळे पुसतात, मोबाइलवर चित्रफिती फिरतात, मोठ्या सभांची बोलावणी येतात आणि हळूहळू चाकणच्या खोलीतल्या आजीची भेट पुढच्या गुरुवारवर जाते. यावर जुन्या पाळकांचा उपाय साधा आहे: ज्या घरातून चहाशिवाय काही मिळणार नाही, त्या घरी आधी जायचे. अंत्यविधीला शेवटपर्यंत थांबायचे, शवपेटी खाली उतरल्यावर माती लोटायला हात लावायचा आणि गावाहून आलेल्या पाहुण्यांची रात्रीची सोय झाल्याशिवाय घरी परतायचे नाही.

ज्या तरुणाला आज पाचारण झाल्यासारखे वाटते, त्याने घाईने राजीनामा लिहू नये. दोन वर्षे नोकरी सांभाळून आपल्या पाळकासोबत गुरुवारच्या घरभेटी कराव्यात, वायसीएमच्या वॉर्डांत जावे, अर्पणाची वही लिहावी. त्यानंतरही ओढ तितकीच राहिली आणि बायकोने, मंडळीने व शेजाऱ्यांनी होकार दिला, तर त्याने मोकळ्या मनाने सेवेत यावे. या पट्ट्यातल्या मंडळ्यांना अशा माणसांची गरज आहे.